नाकावरचा ओरखडा

माझ्या कुत्र्याचं पेन्सिलनं चित्र काढून घ्यावं, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. रविवार होता. बाळ नुकतंच आधाराशिवाय बसायला लागलं होतं आणि मी त्याच्यामागं उशा लावत होते. हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "तुझ्या कुत्र्याचं एक चित्र काढून घेऊ. चांगलं मोठं. हॉलमध्ये लावू."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. हे मूळचे हदगावकडचे. त्यांच्या घरी कुत्री होती, पण शेतावर. भाकरी टाकली की संबंध संपला. भिंतीवर कुत्र्याचं चित्र लावायची गोष्ट त्यांच्या तोंडून निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणाले, "तो तिकडं लातूरला, तू इकडं. निदान चित्र तरी समोर राहील." मला भरून आलं. त्या दिवशी मी दिवसभर खुशीत होते.

कुत्रा मला कॉलेजात असताना सापडला. लातूरला आमच्या घराच्या आजूबाजूला सगळे क्लासेस. डॉक्टर व्हायचं म्हणून बाहेरगावची पोरंपोरी येतात, खोल्या घेऊन राहतात, रस्ता कायम भरलेला. अशाच एका क्लासच्या सायकल स्टँडमागं हे पिल्लू कुडकुडत होतं. ओढणीत गुंडाळून घरी आणलं. तपकिरी रंग, छातीवर पांढरा पट्टा, एक कान उभा आणि एक मोडलेला. जात विचाराल तर रस्त्यावरची. आम्ही त्याला एका नावानं हाक मारायचो, पण ते नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या माणसांनी पुढं त्या नावानं इतकं खोटं सांगितलं की आता ते माझ्या तोंडी येत नाही.

लग्न झालं आणि मी नांदेडला आले. इथं एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी होती, यांचंही काम इथलंच. फ्लॅट भाड्याचा. मालकांनी आधीच सांगितलेलं, जनावर चालणार नाही. मी रडकुंडीला आले तेव्हा दादा म्हणाला, "मी हाय की. माझाबी हायच न्हवं तो?"

दादा माझ्याहून बराच मोठा. बाबा गेल्यावर दुकान चालवून घर त्यानंच ओढलं, माझं शिक्षण पुरं केलं, लग्न करून दिलं. त्याच्या शब्दावर मी डोळे झाकून चालायचे. कुत्रा त्याच्या स्वाधीन करताना मला काळजी वाटली नाही.

पहिली दोन वर्षं मी सुट्टी मिळाली की लातूरला जायचे. रिक्षातून उतरले की कुत्रा माझ्या बॅगेचा पट्टा दातात धरायचा आणि ओढत ओढत आतल्या खोलीत न्यायचा. एकदा बॅग आत गेली की मग निवांत. जणू आता ही काही परत जात नाही.

मग माझं एक मूल पोटातच गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, प्रवास बंद, जिने बंद, मनाला त्रास होईल असं काही नको. माहेरी बाळंतपणाला जायचंही रद्द झालं. आईच नांदेडला येऊन राहिली. मी पलंगावर पडून असायचे आणि आईजवळ त्याचा विषय काढायचे. त्यानं बाबांची चप्पल कशी लपवली होती, पाहुण्यांच्या ताटातलं कसं उचललं होतं. आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि म्हणायची, "व्हय गं माय, लई खोडीचा."

दादा फोटो पाठवायचा. थंडीत आला तो जुना स्वेटर घातलेला. खाली दादानं लिहिलं होतं, 'साहेबांना थंडी वाजायली.' जयंतीला आला तो गळ्यात निळा रुमाल बांधलेला, ऐटीत बसलेला. उन्हाळ्यात कूलरसमोर पाय पसरून. मी व्हिडिओ कॉलवर त्याला बघायला मागायचे तेव्हा तो कधी घरामागं झोपलेला असायचा, कधी वहिनीबरोबर दळणाला गेलेला. मला खटकलं नाही. बाळंतपण अवघड झालं, बाळ वजनानं कमी, त्याच्या दुधापाण्यात पावसाळा निघून गेला. दिवाळीच्या सुट्टीत बाळाला घेऊन लातूरला जायचं, असं मी मनाशी धरून होते. त्याच सुमाराला यांनी चित्राचं काढलं.

चित्रं काढणाऱ्या मॅडम आमच्याच भागात, दोन गल्ल्या सोडून राहायच्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि घरी ऑर्डरी घ्यायच्या. त्यांच्या बैठकीत कुणाचे आजोबा, कुणाचं लग्नातलं जोडपं, एक झुबकेदार मांजर आणि जीभ बाहेर काढलेला एक अल्सेशियन, अशी चित्रं टेकवून ठेवलेली. बोलायला तुटक, पण कामाला बसल्या की बाकी कशाकडं लक्ष नसायचं.

"फोटो दाखवा," त्या म्हणाल्या. मी माझ्या मोबाइलमधले दाखवायला लागले. माझ्याकडं पुष्कळ होते. एकेक फोटो सरकवत त्या बाजूला करत गेल्या.

"हा वरून काढलाय. बघा, नाक केवढं मोठं आलं आणि पाय गेले कुठं? असं काढलं की कुत्रा बुटका दिसतो." पुढचा. "ह्यात फ्लॅश मारलाय. डोळे हिरवे. डोळ्यात उजेड कुठून येतो तेच कळत नाही, मी काढू काय?" पुढचा. "हा हललाय." पुढचा. "ह्यात कानाचं टोक कापलं गेलंय. मी मनानं काढीन, पण मग तो ह्याचा कान नसेल."

"माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीचा आहे तो," मी म्हणाले.

"असेल. पण ह्यावरून चित्र होणार नाही." मग जरा मवाळ होऊन म्हणाल्या, "ताई, माणसाचा फोटो बिघडला तर माणूस समोर बसवता येतो. ह्यांचं तसं नाही. डोळे स्वच्छ पाहिजेत, उजेड एका बाजूनं पाहिजे, आणि काढणारा खाली बसलेला पाहिजे. त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत."

तेव्हा मी दादानं पाठवलेले ते तीन फोटो काढले. मॅडमनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला आणि बोटांनी फोटो मोठा केला. "हे कुणी काढले?"

"माझ्या भावानं."

"जमिनीवर बसून काढलेत. खिडकीचा उजेड घेतलाय. एवढी मेहनत कुणी घेत नाही हो. बहुतेक जण येता जाता काढतात." तिन्ही फोटो त्यांनी पुन्हा पुन्हा बघितले. "कुत्रा सरळ बघतोय काढणाऱ्याकडं. विश्वास असल्याशिवाय असा बघत नाही."

मला दादाचा अभिमान वाटला. इतक्या दुकानदारीत, घरावर बांधलेल्या मजल्याच्या व्यापात त्यानं माझ्यासाठी जमिनीवर बसून फोटो काढले. मी त्याच दिवशी त्याला फोन करून हे सगळं सांगितलं आणि मूळ फोटो मागितले, कारण एकमेकांना पाठवताना फोटो बारीक होतात असं मॅडमचं म्हणणं. दादा म्हणाला, "तो फोन बिघडला गं. समदे फोटो गेले त्याच्यातले." मॅडम म्हणाल्या, चालेल, आहेत तेवढे पुरे. फक्त एक विचारलं.

"ह्याच्या नाकावर हा ओरखडा दिसतोय. डाव्या बाजूला. ठेवायचा का काढून टाकायचा? काढायचा असेल तर ओरखडा नसलेला जवळच्या काळातला एखादा फोटो आणा. तिथलं नाक कसं आहे ते बघून भरते."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ झोपल्यावर मी शोधायला बसले. आधी स्वेटरचा फोटो. त्यात नाकावर ओरखडा होता. चंद्रकोरीसारखा, ओला, कडेला लालसर. मी म्हटलं, ठीक, हा जयंतीच्या वेळी भरून आला असेल. निळ्या रुमालाचा फोटो मोठा केला. तिथंही तोच. तेवढाच लांब, तेवढाच लाल. कूलरच्या फोटोतही तोच.

थंडीत झालेली जखम उन्हाळ्यापर्यंत ओली कशी राहील? मला आधी वाटलं, त्याला काही आजार आहे आणि दादा सांगत नाही. मग वाटलं, पुन्हा पुन्हा तिथंच लागत असेल. मी तिन्ही फोटो आलटून पालटून बघत राहिले. स्वेटरच्या फोटोत त्याच्या हनुवटीखालच्या केसांना भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. वाळलेलं, तिरकं. निळ्या रुमालाच्या फोटोतही ते शीत त्याच जागी होतं.

मी मोबाइल खाली ठेवला. थंडी, जयंती आणि उन्हाळा, सगळं एकाच दिवशी काढलं होतं. कुणीतरी कुत्र्याला स्वेटर घातला होता, मग तो काढून रुमाल बांधला होता, मग तो सोडून कूलर लावून पुढं बसवलं होतं. आणि मग एकेक फोटो जपून ठेवून वेळ येईल तसा मला पाठवला होता.

मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. "त्याला दाखव."

"बाहिर गेलाय."

"मी थांबते. येऊ दे."

मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. "रेंज न्हाई बघ इथं, नंतर करतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले आणि मी बाळाला घेऊन लातूरच्या बसमध्ये बसले. गाडी नांदेडच्या बाहेर पडल्यावर यांना फोन केला. यांनी "का?" असंही विचारलं नाही. म्हणाले, "अगं तू काय करून राहिली? संध्याकाळी मी येतो ना, सगळे मिळून जाऊ. उतर तू, पुढच्या स्टॉपला उतर." इतक्या घाईनं बोलताना मी यांना कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, बाळाच्या काळजीनं बोलतायत.

लातूरच्या घरासमोर रिक्षा थांबली तर घर ओळखू येईना. वर नवा मजला झाला होता. बाजूनं लोखंडी जिना, जिन्याखाली मुलींच्या चपलांची रांग, गेटवर पाटी: 'मुलींसाठी राहण्याची व जेवणाची सोय'. वरच्या मजल्याचं मला माहीत होतं, पण फोटोत बघणं वेगळं आणि समोर उभं राहून बघणं वेगळं. जिन्याखाली जिथं त्याचं पोतं असायचं तिथं पाण्याचं मोठं मशीन बसवलं होतं. कुणी माझी बॅग ओढली नाही.

आई दारात आली. तिनं बाळाला घ्यायला हात पुढं केले आणि माझ्या तोंडाकडं बघून ते तसेच राहिले.

"आई, तो कुठाय?"

आईनं पदर तोंडाला लावला. "आधी आत तर ये."

"कुठाय?"

"न्हाई गं माय तो. मागल्या सालच्या पावसाळ्यातच देऊन टाकला."

मी उंबऱ्याच्या आत जाऊन खाली बसले. बाळ रडायला लागलं म्हणून त्याला पाजायला घेतलं. वहिनीनं पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि ती आत निघून गेली. आई हळूहळू सांगत गेली. वरच्या खोल्या झाल्या. मुलींसाठी खोली बघायला त्यांचे आईबाप यायचे, कुत्रा दिसला की पाऊल मागं घ्यायचे. मग दादा कुणी येणार असलं की त्याला न्हाणीघरात कोंडायचा. तो दाराखालच्या फटीतून नाक घालून बाहेर यायला बघायचा. त्यातच नाक सोललं. शेवटी किल्लारीकडं दादाच्या ओळखीच्या एका माणसाच्या शेतावर त्याला नेऊन सोडायचं ठरलं.

"आणि फोटो?"

"न्यायच्या आदल्या दिशी काढले त्यानं. म्हणला, तिला लागतील."

मला आठवलं, म्हणजे त्याला तिकडं सोडल्यावरच आई माझ्याकडं नांदेडला आली होती. म्हणजे मी पलंगावर पडून त्याच्या खोड्या सांगायचे आणि आई "व्हय गं माय" म्हणायची, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. रोज. मी तिला म्हणाले, "तू माझ्याजवळ राहून खोटं बोललीस."

"तुझ्या पोटासाठी बोलले. आधीचं गेल्तं तुझं. पुन्हा काय झालं असतं म्हंजी?" मग म्हणाली, "मी एकलीच न्हाई. जावयबापूंनीबी सांगितलं हुतं, बाळंतपण होईस्तोवर काढू नका विषय म्हणून."

मी विचारलं, "यांना कधीपासून माहीत आहे?"

"तवापासूनच."

मला पेपर वाचत बसलेले हे दिसले. तो तिकडं, तू इकडं, निदान चित्र तरी समोर राहील. मला वाटलं होतं, माझ्या नवऱ्याला माझं मन कळलं. त्यांना ते कळलं होतंच म्हणा. आईनं, दादानं जे केलं त्याचा राग यायला मला थोडा वेळ लागला, पण यांच्या त्या वाक्याची आठवण आली तेव्हा मला बसल्या जागी लाज वाटली. मी त्या दिवशी किती आनंदात होते, आणि हे ते बघत होते.

दादा दुपारी दुकानातून आला. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. ओरडायचं बळ माझ्यात नव्हतं.

"मला एक शब्द सांगायचास ना, दादा. मी काही मार्ग काढला असता."

"काय काढली असतीस? तुझा घरमालक ठेवू देत न्हाई. इथं हप्ते चालू. लोकांच्या लेकी ठेवायच्या तर घर तसं पाहिजे." त्याचा आवाज शांत होता. "लई वाईट वाटलं मला. काय सांगू तुला. तिथंबी तो राह्यला न्हाई, दावं तोडून गेला. मी दोनदा गाडीवर जाऊन हुडकलो. समदा शिवार हिंडलो."

ते ऐकून माझा राग जरा ओसरला. मी म्हणाले, "उद्या मला तिथं ने."

"काय करतीस जाऊन? वरीस होऊन गेलं."

"ने."

संध्याकाळी हे आले. जेवणं झाली. सकाळी बाळाला आईजवळ ठेवून दादा, हे आणि मी जीपनं किल्लारीकडं गेलो. भूकंपानंतर वसवलेलं गाव, सरळ गल्ल्या, एकसारखी घरं. तिथून पुढं शेतापर्यंत चालत. सोयाबीन निघालं होतं, उसाचा एक तुकडा उभा होता. शेतमालक घरी नव्हते. त्यांच्या आई आखाड्यावर, शेतातल्या खोपीपुढं, शेंगा निवडत बसल्या होत्या. वय झालेलं, पण कान-डोळे शाबूत. मी कोण ते दादानं सांगितलं तसं त्यांनी पोतं झटकून मला बसायला दिलं.

"तुमचं हुतं व्हय ते? गुणाचं हुतं. भाकर टाकली तर हुंगायचं अन् तशीच ठेवायचं. एका रातीत दावं कुरतडून गेलं बघा."

"कुठं गेलं?"

"लांब न्हाई गेलं. त्या सडकेला जाऊन बसायचं, पुलाच्या कठड्यापाशी. जीप आली की उठायचं, उतरणाऱ्याला बघायचं, पुन्हा बसायचं. आमी आणायला गेलो तर पळायचं, आन् पुन्हा तिथंच. लई दिवस बसलं. मग एक दिवस दिसलं न्हाई."

हे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी बाजूला झाले. आजींना विचारलं, "दादा शोधायला आला तेव्हा तिथं नव्हता का तो?"

आजींनी दादाकडं बघितलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. "हे कुठं आले वो? फोन केल्ता माझ्या लेकानं ह्यास्नी, की तुमचं कुत्रं सडकेला बसतंय, येऊन घेऊन जावा. म्हणले, राहू द्या, सवय होईल."

वाऱ्यानं उसाची पानं वाजत होती. मी दादाकडं बघितलं. त्यानं चपलेनं एक ढेकूळ फोडलं आणि ते बारीक करत राहिला. कुत्रा देऊन टाकला हे मी कदाचित कधीतरी पोटात घातलं असतं. घराची अडचण मला कळत होती. पण कालच माझ्या तोंडावर, सगळं उघडं पडल्यावरही, त्यानं मला आणखी एक खोटं सांगितलं होतं, आणि माझा राग त्या खोट्यानं उतरला होता.

परत येताना जीपमध्ये दादा पुढं बसला. त्या पुलाच्या कठड्यापाशी मी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून उभी राहिले. तिथं काही नव्हतं. एक ट्रॅक्टर गेला, एक जीप गेली. मग मीच म्हणाले, चला.

नांदेडला परतल्यावर यांच्याशी बोलायला मला काही दिवस लागले. बाळाचे लंगोट, दूध, औषध, तेवढंच बोलणं. एका संध्याकाळी हे माझ्यासमोर येऊन बसले.

"बाळंतपण होईपर्यंत सांगायचं नाही, हे माझंच होतं," ते म्हणाले. "ते मी चुकलो असं मला अजून वाटत नाही. त्याच्या नंतर सांगायला पाहिजे होतं. रोज ठरवायचो. तू त्याचं काहीतरी सांगून हसायचीस आणि माझी जीभ उचलायची नाही."

"आणि चित्र?"

"चित्र झालं की सांगणार होतो. वाटलं, तुझ्या हातात काहीतरी असावं आणि मग सांगावं."

"तुम्ही मला त्याच्या नावानं खुश केलंत. तुम्हाला माहीत असताना."

ते मान खाली घालून बसले. मला त्यांची दया आली आणि ती आल्याचाही राग आला.

मॅडमचा निरोप आला. दिवाळीच्या ऑर्डरी आहेत, तुमचा फोटो नक्की करा. मी गेले आणि माझ्या मोबाइलमधले ते हललेले, वरून काढलेले फोटो पुन्हा पुढं केले. "ह्याच्यातला कुठलाही घ्या."

"मागच्या वेळी ठरलं होतं ना?"

मी त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, कदाचित त्या तुटक बोलायच्या म्हणून. त्यांनी पेन्सिल खाली ठेवून ऐकलं. मधे एकदाही "अरेरे" म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमच्या फोटोंवरून काढते मी. पण डोळे मला मनानं काढावे लागतील, आणि मनानं काढले की तो दुसराच कुठला तरी कुत्रा होईल. मग तुम्ही घरी नेऊन म्हणाल, हा तो नाही. ह्या तीन फोटोंत तो आहे. कुणी काढले ते चित्रात दिसत नाही."

"मला दिसेल."

"हो. तुम्हाला दिसेल," त्या म्हणाल्या.

मी फोटो घेऊन घरी आले. पुढचे कितीतरी दिवस ते तीन फोटो उघडून बघत होते. दादा जमिनीवर बसलेला आहे, खिडकीचा उजेड बघतोय, कुत्र्याला नीट बसवतोय, आणि उद्या त्याला नेऊन सोडायचं हे दादाला माहीत आहे. समोरचा मात्र पूर्ण भरवशानं त्याच्याकडं बघतोय. मॅडम म्हणाल्या होत्या ते खरंच होतं. हे फोटो इतके चांगले यायला मेहनत लागली होती. आणि माझे सगळे वेडेवाकडे फोटो येता जाता काढलेले, कारण तो कुठं जाणार नाही अशी माझी खात्री होती.

शेवटी मी निळ्या रुमालाचा फोटो दिला. रुमाल काढून टाका म्हणाले. भाताचं शीतही. "ओरखडा?" मॅडमनी विचारलं. म्हटलं, "तो असू द्या."

चित्र छान झालं. मॅडमनी मोडलेला कान, छातीवरचा पट्टा, मिशीचा एकेक केस काढला होता. बाळ ते बघून हात मारायला लागलं. यांनी विचारलं, हॉलमध्ये लावू का? मी नको म्हणाले. आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला लावलं, जिथं आल्यागेल्याची नजर जात नाही.

पुढं दादा एकदा बाळाला बघायला आला. हात धुवायला आत गेला तेव्हा त्याला चित्र दिसलं. नळ चालूच ठेवून तो बराच वेळ तिथं उभा होता. बाहेर येऊन म्हणाला, "लई हुबेहूब आलंय."

"फोटो चांगला होता," मी म्हणाले.

त्यानं चहा अर्धाच घेतला. बाळाच्या हातात खुळखुळा दिला आणि बसच्या वेळेच्या बराच आधी निघाला. मी दारापर्यंत गेले, खालपर्यंत गेले नाही.

आमचं येणं-जाणं तुटलेलं नाही. जयंतीला, सणावाराला फोन होतात. घरात माझं आणि यांचंही पुष्कळसं पूर्ववत झालंय. हे चांगले आहेत, हे मी कधी नाकारलं नाही. पण डबा संपवला असं म्हणाले की मी डबा उघडून बघते. बघायचं नसतं, तरी हात जातो. परवा आईचा फोन आला. गुडघे आता दुखत नाहीत, जिना चढते, औषधाचा गुण आला, असं सांगत होती. मी विचारलं, "खरंच ना?" आई म्हणाली, "खरंच गं माय." मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि वहिनीचा नंबर लावला.